दोन बांगड्यांची किंमत

या सदराच्या वाचकांची पत्रे मी जपून ठेवतो. उत्तर देण्याची हौस दांडगी, पण उरक बेताचा. त्यामुळे काही पत्रांना महिनोन्‌महिने खोळंबून राहावे लागते. असेच एक पत्र सांगलीहून आलेले. लिहिणारे गृहस्थ विचारतात : 'सोने आवाक्याबाहेर गेले. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी खाणीतल्या हिऱ्यांचा भरवसा घालवला. तेव्हा जेडमध्ये थोडे पैसे अडकवावेत काय? आणि जेड खरा की खोटा, मोलाचा की बिनमोलाचा, हे कसे ओळखावे?'

प्रश्न माझ्या आवडीचा. गेली चाळीस वर्षे मी दगडांच्या लहानसहान वस्तू जमवीत आलो आहे. त्यात जेडच्या म्हणून विकल्या गेलेल्या चौदा आहेत आणि खरोखर जेडच्या नऊ! तेव्हा अधिकारवाणीने चार पाने उत्तर लिहून तयार ठेवले होते. पण गेल्या आषाढात एक प्रसंग घडला आणि ती चारही पाने मला फाडावी लागली. तो प्रसंगच सांगतो, म्हणजे सांगलीकरांचे उत्तर त्यातच येईल.

आमच्या इमारतीत एक आत्याबाई राहतात. सगळी इमारतच त्यांना आत्याबाई म्हणते. वय नव्वदीला टेकलेले. त्यांचे वडील रंगूनला कारकून होते. १९४२ साली जपानी फौजा आल्या आणि ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे निघाली, तेव्हा हे कुटुंबही निघाले. आत्याबाई त्या वेळी सहा वर्षांच्या. तामूपासून पुढे डोंगर चढून त्यांनी मणिपूर गाठले ते पायी. त्या प्रवासातून घरात उरलेली एकच चीज, ती म्हणजे त्यांच्या आईच्या हातातली दगडाची बांगडी.

एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावले. त्यांचा पुतण्या आला होता. हा पूर्वी व्यापारी जहाजावर होता. त्याने खिशातून मखमलीची डबी काढली आणि तीत हिरवीगार, काचेसारखी झुळझुळीत बांगडी! हाँगकाँगला त्याने ती २५ वर्षांपूर्वी घेतली होती, चांगली तीन महिन्यांच्या पगाराची. सोबत सोनेरी कडेचे कार्ड होते आणि त्यावर 'अस्सल जेड' असे छापलेले.

"काका, आता विकायची म्हणतो. मुलाला शिकायला परदेशी पाठवायचाय. आज काय येतील हिचे?"

मी ती दिव्याखाली धरली. रंग पाहूनच जीव खुळावला. "चांगली आहे. बरेच यावेत," असे मी म्हणून गेलो.

मग आत्याबाईंनी पदराखालून आपली बांगडी काढली. "हीही बघा. तुम्हाला दगडातलं कळतं म्हणतात." ती पांढुरकी, दुधात थोडी राख मिसळावी तशी, एका बाजूला हिरव्या रंगाचा बोटभर ओघळ. ऐंशी-नव्वद वर्षांच्या वापराने झळाळी उतरलेली. पावसाळ्याची संध्याकाळ, ट्यूबलाइटचा उजेड, आणि डोळ्यांत अजून त्या हिरव्या बांगडीची भूल. मी म्हणालो, "आत्याबाई, हा सर्पेंटाइन असावा. जेडसारखा दिसतो इतकेच. आठवण म्हणून ठेवा, पण बाजारात मोल नाही."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "कामाच्या बाईंच्या पोरीला फार आवडते. आता जीव अडकायला नको. देऊन टाकते."

मी चहा पिऊन घरी आलो.

आता इथे जेडची थोडी ओळख करून देणे भाग आहे. जेड या एका नावाखाली दोन निरनिराळे दगड नांदतात. एक नेफ्राइट आणि दुसरा जेडाइट. हे दोन वेगळे आहेत, हे आलेक्सिस दामूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८६३ साली दाखवून दिले. तोवर जग दोन्हींना एकाच नावाने हाक मारीत होते. नेफ्राइट हा जुन्या चीनचा. खोतानच्या दोन नद्यांच्या पात्रांत त्याचे गोटे सापडत. एका नदीचे नाव युरुंगकाश, म्हणजे पांढऱ्या जेडची, आणि दुसरीचे काराकाश, म्हणजे काळ्या जेडची. आपल्याकडे मोगल बादशहांनी ज्याच्या खंजिरांच्या मुठी, पेले नि तावीज घडविले तो 'यशब' हाच. छातीची धडधड थांबावी म्हणून गळ्यात घालावयाच्या 'हौलदिली' याच्याच करीत. जेडाइट मात्र ब्रह्मदेशाचा. उत्तरेकडच्या काचिन मुलखात फाकांत म्हणून गाव आहे, तिथल्या खाणींतला. चीनमध्ये तो अठराव्या शतकात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला आणि त्याच्या हिरव्या रंगाने पुढे सगळ्यांना मागे टाकले. आज लिलावांत कोटींचे आकडे ऐकू येतात ते बहुधा या जेडाइटचे.

आणि या दोघांच्या नावावर जगणारे सोयरे तर किती! सर्पेंटाइन 'नवा जेड' म्हणून विकला जातो. रंगवलेली गारगोटी 'मलेशियन जेड' होते. दक्षिण आफ्रिकेतला एक गार्नेट 'ट्रान्सवाल जेड' म्हणवून घेतो. आपणही यात मागे नाही बरे का! 'इंडियन जेड' या नावाने जगभर जो दगड खपतो तो आपल्याकडचा हिरवा अ‍ॅव्हेंच्युरिन, म्हणजे पुन्हा गारगोटीच्याच जातीचा. देशाचे नाव जेडच्या आधी लागले की ग्राहकाने खिशावर हात ठेवावा.

हे सारे मला त्या संध्याकाळीही ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि वेळेवर आठवणे निराळे. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या तळहाताला एकदम आठवण झाली. डोळ्यांना नव्हे, तळहाताला. ती पांढुरकी बांगडी हातात घेतली तेव्हा बर्फाच्या तुकड्यासारखी गार लागली होती, आणि आकाराच्या मानाने चांगली जड. सर्पेंटाइन असा हात खाली ओढीत नाही. उठून बसलो. बायकोने विचारले, "पित्त झालं का?" म्हटले, "पित्तच म्हण."

सकाळी साडेसातला आत्याबाईंचे दार वाजविले. बांगडी गेली होती! बाईंची मुलगी आदल्या रात्रीच आईबरोबर आली होती आणि साबण लावून हातात चढवून घेऊन गेली होती.

मी आत्याबाईंना खरे ते सांगितले : माझा निर्णय घाईचा होता, वस्तू तपासावयास हवी. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी ती मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. बारावीत आहे. हातातली बांगडी काढताना तिला पाच मिनिटे लागली आणि तेवढा वेळ आई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मी विसरणार नाही. गरिबाला दिलेली वस्तू परत घेण्याची नांदी अशीच असते, हे त्या माउलीला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते.

सांगलीकरांना घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा हवी होती, ती अशी. सोनारकामाचा छोटा वजनकाटा घ्यावा. बांगडी कोरडी वजन करावी. आमची भरली ५१.४ ग्रॅम. मग पाण्याने भरलेले भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि बांगडी दोऱ्याला बांधून त्या पाण्यात पुरती बुडवावी, पण तळाला वा कडेला टेकू देऊ नये. आता काटा जो आकडा दाखवील ते बांगडीने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. आमचे आले १५.४. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागावे. सर्पेंटाइन असता तर उत्तर अडीचच्या जरा पुढे आले असते, गारगोटी असती तर २.६५, नेफ्राइट असता तर २.९५ च्या आसपास. आमचे उत्तर ३.३४ आले. जेडाइटचा आकडा हाच आहे.

मी तो भागाकार तीनदा केला. मुलीने चौथ्यांदा करून दाखविला, आणि तोही तोच आला!

अर्थात् हे एवढ्यावर संपत नाही. या परीक्षेने दगडाची जात कळते. त्याच्यावर कोणी काय कारागिरी केली आहे ते कळत नाही. आणि जेडच्या व्यवहारात खरी मेख तिथेच आहे. १९८० च्या सुमारापासून एक युक्ती फार बोकाळली आहे. डागाळलेला, मळकट जेडाइट आम्लात मुरवत ठेवतात. आम्ल डाग खाते, पण त्याबरोबर दगडाचे आतले धागेदोरेही सैल करते. मग त्या भेगांत कृत्रिम राळ भरतात. दगड एकदम पारदर्शक नि तजेलदार दिसू लागतो. बाजारात याला 'बी' वर्ग म्हणतात. नुसता रंग भरला तर 'सी'. दोन्ही केले तर 'बी अधिक सी'. ज्याला पैलू, झिलई आणि वरून हलके मेण याखेरीज काही केलेले नाही तो 'ए'. हा 'ए' म्हणजे पहिला नंबर नव्हे, हे नीट ध्यानात घ्यावे. 'ए' वर्गाचा दगड सुमार असू शकतो. त्याला कोणी हात लावलेला नाही एवढाच त्या अक्षराचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी पुतण्याची बांगडी मागवून घेतली आणि दोन्ही दोऱ्याला टांगून नाण्याने हलकेच वाजविल्या. पांढुरकी बांगडी लहान घंटेसारखी वाजली आणि नाद रेंगाळला. हिरवी नुसती 'टक्' म्हणाली. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा लावला तेव्हा पांढुरकी अंधारात तशीच राहिली आणि हिरवीला निळसर पांढरी झाक आली. राळ पुष्कळदा अशी बोलते. भिंगाखाली तिच्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या. तरीही या सगळ्या खुणा म्हणजे संशय, पुरावा नव्हे. पुरावा हवा तर प्रयोगशाळेतली अवरक्त किरणांची तपासणीच करावी लागते. मी दोन्ही बांगड्या मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत दिल्या. खर्च माझा, चूकही माझीच होती.

अहवाल आले. आत्याबाईंची म्हणजे आता त्या मुलीची बांगडी : नैसर्गिक जेडाइट, रंगाची वा राळेची प्रक्रिया आढळली नाही. पुतण्याची बांगडी : जेडाइट, आम्लाने धुतलेला, राळ भरलेला आणि रंगवलेला. हाँगकाँगच्या त्या कार्डावरचे 'अस्सल जेड' हे शब्द खोटे नव्हते, हीच गंमत! दगड जेडच होता. कार्डाने जे सांगितले ते खरे होते आणि जे विचारावयास हवे होते ते कोणी विचारलेच नव्हते. म्हणून सांगलीकरांनी 'अस्सल', 'खात्रीचा' असले शब्द वाचून समाधान मानू नये. प्रक्रिया केली आहे की नाही, एवढेच वाक्य अहवालात शोधावे. ते नसेल तर बाकीची सोनेरी अक्षरे रद्दीत घालावीत.

आता किमतीचे. पुतण्याच्या बांगडीचा प्रश्न लवकर मिटला. राळेच्या वस्तूला दुय्यम बाजारात कोणी विचारीत नाही. पण पांढऱ्या बांगडीची किंमत काय? मी तिची छायाचित्रे आणि अहवाल ओळखीच्या चार व्यापाऱ्यांकडे पाठविला. चार आकडे आले, आणि सर्वांत वरचा आकडा सर्वांत खालच्याच्या सहापट होता! चौघेही जाणते, चौघांपैकी एकालाही मला फसविण्यात रस नव्हता.

याचे कारण जेडच्या स्वभावात आहे. सोन्याचा भाव रोज सकाळी वर्तमानपत्रात येतो. हिऱ्याची निदान प्रतवारी तरी ठरलेली असते. जेडला असा तक्ता नाही. रंग पाहावयाचा, तो किती खोल, किती सारखा पसरलेला. पोत पाहावयाचा, कण किती बारीक. आणि पाहावयाचे पाणी. आपले जवाहिरे मोत्याचे पाणी म्हणतात ना? चिनी व्यापारीही जेडच्या पारदर्शकपणाला पाणीच म्हणतो. पण हे पाणी मापायचे माप नाही. त्यातून कच्चा दगड घ्यावा तर त्यावर तपकिरी साल. आत लाखाचा माल आहे की माती, हे कापल्याशिवाय कळत नाही. सालीला एक लहानशी खिडकी पाडून त्यावर सौदे होतात. पूर्वी हे सौदे फडक्याखाली एकमेकांची बोटे दाबून होत, आपल्याकडच्या रुमालाखालच्या सौद्यासारखे. त्याला व्यापार म्हणण्यापेक्षा जुगार म्हणणे बरे. चिनी लोक स्वतःच तसे म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मग ते कोटींचे लिलाव? ते खरेच आहेत. बार्बरा हटन या अमेरिकन धनिक बाईंना १९३३ साली लग्नात मिळालेली २७ मण्यांची हिरव्या जेडाइटची माळ घ्या. १९८८ साली ती २० लाख डॉलरला गेली, १९९४ साली ४२ लाखांना, आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगला २ कोटी ७४ लाख डॉलरला. हे ऐकले की तोंडाला पाणी सुटते. मी हिशेब मांडून पाहिला. १९८८ पासून २६ वर्षांत चक्रवाढीने वर्षाला साडेदहा टक्क्यांच्या आसपास पडतात. उत्तमच, पण ही जगातल्या सर्वोत्तम माळांपैकी एक, ते एका दाण्याचे मणी पुन्हा मिळणे नाही, आणि लिलावगृहाचे कमिशन ग्राहकाच्या बोलीवर चढते, ते विकणाऱ्याच्या हाती येत नाही. त्या माळेचा दर पाहून आपण बाजारात हजारांची अंगठी घ्यावी, हे म्हणजे देवगडच्या पेटीचा भाव ऐकून कुंपणाबाहेरचा रायवळ आंबा साठवून ठेवण्यापैकी आहे.

जुन्या मोगली जेडचे प्रकरण आणखी निराळे. शहाजहानचा १६५७ साली घडविलेला पांढऱ्या नेफ्राइटचा मद्याचा पेला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्याची मूठ म्हणजे बोकडाचे मस्तक. त्यावर बादशहाची पदवी नि साल कोरलेले आहे, म्हणून तो कुणाचा हा वाद नाही. आपल्या हाती येणाऱ्या वस्तूंवर असे काही नसते. शिवाय नेफ्राइटचे वय प्रयोगशाळाही सांगू शकत नाही. दगड कोट्यवधी वर्षांचा आणि कोरीव काम परवाचे असू शकते. वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याचे कागद असतील तर किंमत, नाहीतर नुसती कथा. आणि खरी जुनी निघाली तरी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे लंडन-हाँगकाँगचे आकडे आपल्या उपयोगाचे नाहीत. गिऱ्हाईक इथेच शोधावे लागणार. म्हणून माझा सल्ला असा की पहिला खर्च रेल्वेच्या तिकिटाचा करावा. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जेडचे दालन आहे. जहांगीर-नूरजहानच्या नावाच्या कट्यारी तिथे आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेल्या संग्रहात चिनी जेड पाहावयास मिळेल. दोन दिवस डोळे भरून चांगले पाहिले की वाईट आपोआप खुपू लागते. मी हे त्या संध्याकाळी विसरलो होतो खरा.

आणखी एक गोष्ट पूर्वी मी किमतीच्या हिशेबात धरीत नसे. फाकांतला २ जुलै २०२० रोजी खाणीच्या मातीचा ढिगारा कोसळून १७० हून अधिक माणसे गेली. २०१५ च्या नोव्हेंबरातही शंभरावर गेली होती. ही माणसे खाणमालकांनी टाकलेल्या मातीत जेडचे तुकडे वेचणारी. २०२१ साली तिथे लष्कराने सत्ता घेतल्यावर अमेरिकेने ब्रह्मदेशच्या सरकारी रत्नकंपनीवर निर्बंध घातले. नवीन जेडाइट घेणाऱ्याने हा पैसा कुठे जातो ते एकदा तरी विचारावे. मी स्वतः आता जुन्याच वस्तू घेतो.

अहवाल घेऊन आत्याबाईंकडे गेलो तेव्हा पुतण्या तिथेच होता. त्याने दोन्ही कागद वाचले, आपला खाली ठेवला आणि दुसरा हातात धरून म्हणाला, "आत्या, ती परत माग. चुकून दिलीस. काकाच सांगतायत चुकून." त्याचा मुलगा, त्याची फी, सगळे त्या आवाजात होते. मला त्याचा राग आला नाही. मी होऊन म्हणालो, "आत्याबाई, चूक माझी. मी त्यांच्याशी बोलतो. हवे तर दुसरी वस्तू देऊ."

आत्याबाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "वाटेत आईनं सगळं सोनं विकलं. पाटल्या तांदळाला गेल्या, मंगळसूत्राची वाटी एका बैलगाडीवाल्याला. ही बांगडी ती प्रत्येकाला दाखवायची. त्या डोंगरात दगड कोण घेणार? आणि हातातून निघायचीही नाही. म्हणून राहिली. कोणाला नको होती म्हणून राहिलेली वस्तू ती." थोडे थांबून पुतण्याकडे वळल्या. "दगड म्हणून दिली. आता दागिना म्हणून परत कशी मागू? माझ्या ठेवीतले पोराच्या फीला घे. ते तुझेच आहेत."

मी अहवालाचा कागद त्या मुलीच्या आईला नेऊन दिला आणि चौघांचे चारही आकडे लिहून दिले. म्हटले, अडचण आली तर विकायला हरकत नाही, पण पहिल्या येणाऱ्याला देऊ नका आणि कागदावाचून दाखवू नका. ती माउली बराच वेळ कागद उलटसुलट करीत होती. मग म्हणाली, "म्हणजे घ्यायला नाही आलात?"

पुतण्याची हिरवी बांगडी पंचवीस वर्षे बँकेच्या लॉकरमध्ये होती. गुंतवणूक म्हणून त्याने ती बायकोला कधी घालू दिली नव्हती. आता ती रोज तिच्या हातात असते. भाजी आणायला जाताना दिसते. रंग तिला शोभतो. फक्त कढईजवळ जपा, असे मी तिला सांगितले आहे. राळेला उष्णता सोसत नाही.